जॉर्डनच्या रस्त्यावरची मेंढी

माय,

आठ महिने झाले, तुझा नातू माझ्याशी धड बोलत नाही. फोन करतो, नाही असं नाही. जेवलीस का, बीपीची गोळी घेतलीस का, एवढं विचारतो आणि म्हणतो, बाबांना दे. पूर्वी तासतासभर डोकं खायचा माझं. हे सगळं त्या जॉर्डनच्या सहलीपासून झालंय, आणि ती सहल आठवली की मला अजून किळस येते. तुझा जावई मात्र आल्यागेल्याला मोबाइलवरचे फोटो दाखवत बसतो, हा उंट बघा, हा डोंगरात कोरलेला महाल बघा, आणि मी उठून चहा टाकायला आत जाते. शाळेत बायका विचारतात, बाई, परदेशात काय काय बघितलं? मी म्हणते, वाळू. घरात हे कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून तुझ्याजवळ बसलेय. तू जाऊन एकवीस वर्षं झाली. पोरगं तेव्हा पाच वर्षांचं होतं आणि तुझ्या घोंगड्यात शिरून झोपायचं, ते आता दुबईत इंजिनिअर आहे. त्यानंच आम्हाला नेलं.

चार दिवसांची सहल. टूरवाल्यांच्या मागं कळपासारखं फिरायचं नाही, आपणच गाडी भाड्यानं घ्यायची आणि आपणच चालवायची, असं त्याचं ठरलेलं. मला बरं वाटलं होतं. पण तुझ्या जावयाला तू ओळखतेस. ट्रॅक्टरच्या स्पेअरपार्टचं दुकान चाललं आणि माणूस जमिनीवरून दोन बोटं वर चालायला लागला. बॅगेत शेंगदाण्याची चटणी, पंचवीस भाकऱ्या, लसणाचा ठेचा. विमानात बसल्यापासून सगळ्यांना सांगणं चालू, "वुई आर लँडलॉर्ड फ्रॉम बीड." लँडलॉर्ड! ह्यांचा बाप दुसऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवून पोतंभर ज्वारी आणायचा, तुझ्यासारखाच. रस्ते अनोळखी, गाडी भाड्याची, त्यामुळं पहिल्या दिवशी पोराचा जीव मुठीत, आणि हे शेजारी बसून हुकूम सोडतायत, "दाब की जरा. कावून बैलगाडी केलीस तिची?" करक नावाच्या गावी टेकडीवर केवढा थोरला किल्ला. पोरगं हौसेनं सगळं सांगत होतं, कुणी बांधला, कुणी वेढा घातला. ह्यांनी बुरुजाला टेकून भाकरी सोडली आणि म्हणाले, "ह्यापरीस आपलं धारूर लई बरं. निदान रसवंती तरी हाय खाली." भाकरीचा कागद तिथंच बुरुजावरून खाली सोडून दिला. एक म्हातारा रखवालदार तो कागद उचलायला दोनशे पावलं खाली गेला आणि वर आला. मी बघत उभी. शी, अशी लाज वाटली.

त्याच दिवशी दुपारनंतर ते झालं. करकहून पेट्राला जाताना डोंगराचा रस्ता लागतो, वळणावळणाचा. आपल्या बालाघाटासारखाच, पण झाड म्हणून नाही, आणि धूळ अशी की परळीच्या वीजकेंद्राची राख उडतेय वाटावं. एका वळणावर मेंढरं रस्त्यात आली. मला मेंढरं दिसायच्या आधी वास आला गं, काच उघडी होती. दहा वर्षं साबण लावून लावून घालवलेला तो मेणचट वास. मी "हळू" म्हणेपर्यंत गाडीला दणका बसला. मागं वळून पाहिलं तर मेंढी रस्त्यात आडवी, मागचे पाय झाडतेय. पोट बघूनच कळलं, गाभण होती. उतारावरून एक बाई काठी उंच करून पळत येत होती, काळा झगा, पायात काही नाही. आणि तुझा नातू थांबला नाही. मेंढीला हात लावला नाही, त्या बाईकडं बघितलं नाही. आम्ही निघून गेलो.

तुला हे ऐकून काय वाटेल ते मला कळतं. मी आठवीत होते, चौसाळ्याच्या फाट्यावर एसटीची वाट बघत होते, शाळेचा निळा फ्रॉक, दोन वेण्या. तू सकाळच्या पारी मेंढरं रस्त्यापल्याड नेत होतीस आणि कुण्या पुढाऱ्याची जीप आली. तीही गाभणच होती, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. जीप थांबली, आतल्या माणसानं काच खाली करून नोटा बाहेर धरल्या. तू नोटांकडं बघत नाहीस. तू जीपच्या तोंडापुढं उभी राहतेस, काठी बॉनेटवर आडवी. "पैशाचं मला कावून दावतो? खाली उतर." तो म्हणतो, "म्हातारे, घे आन् बाजूला हो, मीटिंगला चाललोय." तू तेव्हा पस्तिशीचीही नव्हतीस. तू म्हणतेस, "मीटिंग गेली खड्ड्यात. तुज्या गाडीनं मेली, तूच उचलायची. आपल्या हातानं. जनावर रस्त्यात पडू द्यायचं न्हाई, गाड्या जात्यात वरून." फाट्यावर माणसं जमली. हॉटेलवाला भजी तळायची सोडून आला. शेवटी उतरला तो. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, आणि ती मेंढी दोन्ही हातांनी उचलून बाभळीखाली नेऊन ठेवली त्यानं. तू तिच्या तोंडात तांब्यातलं पाणी घातलंस आणि मग त्याला म्हणालीस, "जा आता."

आपल्या लोकांत ही रीत होतीच, ज्याच्या हातून मेलं त्यानं उचलायचं. पण पुढाऱ्याला खाली उतरवणारी तूच. आज मी वर्गात पोरांना कुण्या एका मेंढपाळ बाईची गोष्ट म्हणून हे सांगते आणि पोरं टाळ्या वाजवतात. पुढचं सांगत नाही. माझ्याशेजारच्या मुलीनं विचारलं होतं, "ती बाई कोण गं?" आणि मी म्हणाले, "कोण की. असतील कुणी पालावरच्या." तू ऐकलंस का, मला कधी कळलं नाही. संध्याकाळी तू रोजच्यासारखीच भाकरी वाढलीस.

पेट्रा बघितलं दुसऱ्या दिवशी. सगळं जग ते बघायला मरतं म्हणे. लाल डोंगराच्या फटीतून मैलभर चालायचं आणि पुढं अचानक खडकात कोरलेला दोन मजली दर्शनी भाग. दोन हजार वर्षांचं काम. असेल. मला त्यात फक्त गाढवांची लीद दिसली, आणि गाढवांना काठीनं झोडपत पायऱ्या चढवणारे लोक, आणि गाढवावर बसून फोटो काढणारा तुझा जावई. वजन शंभर किलो. गाढवाचे पाय थरथरत होते. मी म्हणाले, "उतरा की हो, मरंल ते." तर म्हणतात, "त्याला काय होतंय? त्याचं कामच हाय ते." पोरगं एका दगडावर बसून होतं, करकला तोंडाचा पट्टा चालू होता त्याचा, इथं एक शब्द नाही. मी म्हटलं, पाणी तरी पी. नको म्हणाला. परत आलो तेव्हा पार्किंगमध्ये माझं लक्ष गेलं, बंपरच्या जाळीत लोकर अडकलेली होती, त्याला रक्त वाळून चिकटलेलं. मी पर्समधले ओले टिश्यू काढले आणि खाली बसून सगळी पुसून काढली. जाळीच्या एकेका फटीत नख घालून. आजूबाजूला लोक आइस्क्रीम खात होते. शिक्षिकेला स्वच्छतेची सवय असते ना.

आणि शेवटच्या मुक्कामी तर हद्द झाली. वाळवंटात एक तंबूंचं हॉटेल. शेळीच्या केसांचे काळे तंबू, खाली घोंगड्या अंथरलेल्या, दारात चूल. बाहेर पाटी: एक दिवस मेंढपाळाचं आयुष्य जगा. भाडं सांगत नाही, तू उठून बसशील. अगं, जे पाल सोडायचं म्हणून मी डी.एड. केलं, नोकरी धरली, लग्नात आपल्या माणसांना मागच्या पंगतीला बसवलं, तेच आता पैसे मोजून घ्यायचं. गोऱ्या बायका घोंगडी पांघरून फोटो काढत होत्या, कुणाला खाजत नव्हतं. तिथल्या लोकांनी वाळूत खड्डा करून अख्खं कोकरू पुरून शिजवलेलं, ते सूर्य मावळायच्या सुमाराला टाळ्यांच्या गजरात बाहेर काढलं. तुझ्या जावयानं तीन वेळा वाढून घेतलं, हाडं चोखली, बोटं चाटली आणि तिथल्या पोऱ्यांना खुणेनं सांगितलं, मिरची कमी हाय. पोरानं ताट बाजूला सारलं. मी त्याच्यावर खेकसले, "इतक्या लांब येऊन नखरे कसले करतोस?" आणि मी जेवले. चांगलं पोटभर जेवले, माय.

गाडी परत देताना तिथल्या माणसानं बंपरवरचा पोचा बघून विचारलं, हे काय? पोरगं तोंड उघडणार तेवढ्यात ह्यांनी मध्ये तोंड घातलं, "स्टोन, स्टोन." त्या माणसानं पोराकडं बघितलं. पोरानं माझ्याकडं बघितलं. मी बॅगांच्या चेन लागल्यात का ते तपासत होते. विमानात बसल्यावर हे म्हणतात, "बघ, कसा निपटला मॅटर."

बीडला आल्यावर हीच गोष्ट आमच्या घरात रंगवून सांगितली जायला लागली. ह्यांच्या तोंडून ती विनोदाची झाली, मेंढीवाली कशी पळत होती, काठी कशी हलवत होती, त्याची नक्कल करून दाखवतात. उठून एक ठेवून द्यावी असं वाटतं. माझ्या तोंडून ती वेगळी झाली. नणंदेला, शाळेतल्या बायकांना मी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, "काय करणार, आजकालची पोरं. मेंढपाळाचा नातू, पण थांबलासुद्धा नाही." बायका म्हणाल्या, "चालायचंच बाई, तिकडं राहून माणूस दगड होतो." मला बरं वाटायचं ते ऐकून. नणंदेनं ते त्याच्या कानावर घातलं.

तुलाही मी वर तेच लिहिलं, तो थांबला नाही म्हणून. खोटं आहे ते, माय. तो थांबला होता. दणका बसल्याबरोबर गाडी बाजूला घेतली, बेल्ट काढला, दार उघडलं, एक पाय खाली टेकवला. म्हणाला, "आई, मी बघतो, ती जिवंत आहे अजून." ह्यांना तर डुलकी लागलेली, दणक्यानं जागे होऊन "काय झालं, काय झालं" करत होते. मी मागच्या सीटवरून त्याचा शर्ट धरला. म्हणाले, "दार लाव. चल." तो म्हणाला, "आई, ती बाई येतेय." मी म्हणाले, "म्हणूनच म्हणतेय, चल. तुला माझी शपथ हाय." त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी कुणी परकी आहे, आणि दार लावलं.

परदेश, पोलीस, त्याची नोकरी, व्हिसा, हे सगळं मी मनाशी घोकलंय. त्यातलं एकही तेव्हा डोक्यात आलं नव्हतं. ती बाई गाडीपाशी आली असती, काठी आडवी धरून काहीबाही बोलली असती, आणि तिची भाषा त्या दोघांना कळली नसती. मला कळली असती. मला खाली उतरून ती मेंढी उचलावी लागली असती, अंगाला वास लागला असता, आणि पोरगं बघत राहिलं असतं की आपल्या आईला हे सगळं कसं येतं. त्याला मी कधी सांगितलंच नाही की लहानपणी मी मेंढरामागं हिंडले. त्याला वाटतं आजीकडं चार शेळ्या होत्या, हौसेच्या.

मागच्या रविवारी त्यानं फोनवर पहिल्यांदा विचारलं. चिडून नाही, अगदी हळू. "आई, तू आत्याला असं का सांगितलंस? चल तर तूच म्हणाली होतीस ना?" मी म्हणाले, "मी कधी म्हणाले? तुला भास झाला असंल. तू घाबरला होतास." तो म्हणाला, "असेल. बाबांना दे."

चार पानं झाली बघ. तुझ्या नावानं लिहायला हात अडत नाही, कारण तुला अक्षरओळख नव्हती आणि तू आता नाहीस. हे वाचायला हवं ते त्यानं. त्याचा पत्ता मला तोंडपाठ आहे, आणि मी हे त्याला पाठवणार नाही.