पहिला पा, दुसरा पा

करानिस, मेखिर ५

ती. पप्पांना, ताएसिसचा प्रेमाचा सलाम, वि. वि.

इकडे सगळं बरं आहे. यंदा मसूर चांगला आलाय आणि सासूबाईंचं तोंडही जोरात चालू आहे. तुम्ही मेम्फिसचे बिशप झाल्यापासून त्यांचा एकच टोमणा, की तुझा बाप साऱ्या गावाचा पप्पा झाला, आता तुझ्या वाट्याला काय उरलं? मी म्हटलं, त्या लेकरांत मी थोरली.

पुढच्या महिन्यात, फामेनोथच्या अखेरीस, माझे दिवस भरतात. मला जन्म देताना आई गेली, हे हल्ली सारखं मनात येतं. पप्पा, मला फार भीती वाटते. तुम्ही या. काही करू नका, नुसते जवळ असा.

माया आटू देऊ नका.
तुमची ताएसिस

मेम्फिस, मेखिर १९

प्रभूमधील भगिनी ताएसिस हीस आशीर्वाद.

आपला अर्ज पोचला. 'ती. पप्पांना' अशा मायन्याची या महिन्यात एक्केचाळीस पत्रे आली. भीतीच्या पत्रांना आम्ही पवित्र तेलाची कुपी पाठवतो. ती सोबत आहे. प्रत्यक्ष भेट हवी असल्यास आपल्या मंडळीच्या वडिलांचे, म्हणजे गावच्या धर्मगुरूंचे, शिफारसपत्र जोडावे.

'पप्पा' ही पदवी जरा जपून वापरावी. तिच्या उगमावर मी प्रबंध लिहीत आहे. पहिला 'पा' पालनाचा, दुसरा 'पा' पापमोचनाचा, हे जवळजवळ सिद्ध झाले आहे.

प्रार्थनेत आमचे स्मरण असू द्यावे.
पप्पा कॅस्तोर यांच्या आज्ञेवरून,
डीकन सेरेनोस, लेखनिक

करानिस, फामेनोथ ६

सेरेनोसभाऊंना सलाम.

अहो, मी अर्जदार नाही, पोटची मुलगी आहे. वडिलांना भेटायला वडिलांचं शिफारसपत्र कुठून आणू?

प्रबंधासाठी लिहून घ्या. पप्पा मागावर विणायला बसत आणि मी मागाखाली रांगत असे. बापाला ग्रीकमध्ये 'पातेर' म्हणायला दात लागतात, ते मला नव्हते. पहिला 'पा' म्हणजे भूक लागली, दुसरा 'पा' म्हणजे उचलून घे. पाप तोवर केलंच नव्हतं, तर मोचन कसलं? ते ऐकून गिऱ्हाइकं थट्टेनं त्यांना पप्पा म्हणू लागली, मग शेजारीपाजारी, मग तुमची सगळी मंडळी. उगम हवा असेल तर तो इथे पाय सुजवून बसलाय.

तेल पोचलं. सूज उतरली नाही. वीसेक दिवस राहिले आहेत. हे पत्र पप्पांच्या हातात द्या, एवढे उपकार करा.

ताएसिस

करानिस, फामेनोथ २९

चि. सेरेनोस यास आशीर्वाद.

माझ्या लेकीचं पत्र तू 'पदवीचा उगम' या गठ्ठ्यात पुरावा म्हणून जपून ठेवलंस. प्रबंध तपासायला बसलो म्हणून सापडलं. तुला काय बोलू? तुझ्या उत्तरावर शिक्का माझाच होता, न वाचता मारलेला.

काल नावेतून उतरलो तर धक्क्यावर सारं गाव लोटलेलं. कुणी पाया पडत होतं, कुणी पोर पुढे करत होतं, कुणाला बांधाचं भांडण मिटवून हवं होतं. सगळ्यांच्या तोंडी पप्पा, पप्पा. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. ताएसिसच्या दारावरूनच ते मला प्रार्थनाघराकडे नेऊ लागले. म्हटलं, आधी हे उरकू, मग लेकीपाशी निवांत बसू.

आत तिला कळा सुरू झाल्या होत्या. ती मला हाका मारत होती. त्या मी ऐकल्या, सेरेनोस. त्या गलक्यात आणखी एक पप्पा, एवढंच वाटलं. हाक आली त्या खिडकीकडे हात करून मी आशीर्वादसुद्धा दिला.

मग तिनं मला नावानं हाक मारली. नुसतं कॅस्तोर. बायकांनी तोंडावर हात ठेवले. तिची आई गेल्यापासून मला त्या नावानं कुणी बोलावलं नव्हतं. मी वहाणा रस्त्यात टाकून धावलो.

संध्याकाळी नात झाली. दोघी सुखरूप आहेत. महिनाभर मी येत नाही. भीतीची पत्रं आली तर तेल पाठवू नकोस, माणूस पाठव.

विहीणबाई म्हणतात, बापाला नावानं हाक मारल्याबद्दल पोरीला प्रायश्चित्त द्या. ते मी घेतलं आहे.

तुझा,
कॅस्तोर