बर्फावरचं बोंड

रोहणा, मंगळवार, संध्याकाळ

सूनबाई, डायरीत वार टाकला ना? काल विसरलीस, अन् विसरभोळी म्हणून नाव माझं! लिही आता. आपली रेवा मैत्रिणींसंगं एकाच दोराले बांधून, बर्फाच्या भेगा ओलांडत हिमालयाच्या शिखरावर गेली, अन् खाली सुखरूप उतरलीही! तीन दिवस फोन नव्हता. मी फोन उशाशी घेऊनच झोपत होती.

निघताना तिच्या खिशात वावरातलं कापसाचं बोंड घातलं होतं. आज फोटो आला, अन् मागोमाग तिचा फोन.

"आजी, शिखरावर ठेवलं तुझं बोंड. दिसते का?"

बर्फात कापूस कसा दिसंल? तरी म्हटलं, "दिसते ना!" खरं तर मी तिचं हसूच पाहून राह्यली होती.

उद्या जवसाची चटणी पाठवजो, सगळ्या पोरींले पुरंल एवढी. अन् संगं एक अख्खी लाल मिरची टाकजो, पुढच्या शिखरासाठी.