खुणेवरची कडी

ता. ३ जून

चि. उंटूताईस आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुमच्या वकिलांच्या ऑफिसातून दर महिन्याला निघणारी नव्या कायद्यांची पत्रिका मिळाली. पोरं झोपली की चष्मा लावून वाचते. निम्मं डोक्यावरून जातं. भाडेकरूंचं कळलं. पोरांचे फोटो काढण्याआधी आईबापांना विचारायचं, तेही कळलं. घरातलं म्हातारं माणूस सांभाळायला नोकरदाराने घरून काम मागावं, आणि साहेबाने नाही म्हणताना कारण लिहून द्यावं, हे वाचून तर एकटीच हसले. साहेब कधी कारण देतो का गं?

पण काळजी आहे ती वेगळ्याच गोष्टीची. आपल्या पाळणाघराची तपासणी आहे. बालकल्याणच्या बाई म्हणतात, पोरं पळू नयेत म्हणून दार आतून बंद हवं. आगीच्या खात्याचे साहेब म्हणतात, आत माणसं असताना कुलूप दिसलं तर पाळणाघर बंद. दोघंही वीस तारखेला एकदमच येणार. मी कोणाचं ऐकू? पोरांच्या आयांनी कामावर जायचं कसं? आणि तुझे आजोबा गेल्यापासून मी या गोंगाटावरच तर जगते. ठमी, ती चार वर्षांची, आता आपल्या चपला आपणच घालते. उलट्या.

लोभ आहे तेवढा पुरत नाही, जास्त पाठव.

तुझी आजी

ता. ८ जून

ती. आजीस सा. न. वि. वि.

दोन्ही नियम शेजारी ठेवून वाचले. कुलूप नको, पण कडी चालेल. ती पाच फुटांच्या वर हवी आणि मोठ्या माणसाला किल्लीशिवाय चटकन उघडता यायला हवी. सुताराला लगेच बोलाव. इतकी वर्षं नियम टाईप करते आहे, त्यामागे ओळखीचं दार पहिल्यांदाच दिसलं. नीट झोपही लागत नाही.

रागावलीस तरी चालेल, पण कळव.

तुझी उंटू

ता. २१ जून

चि. उंटूताईस आशीर्वाद.

आधी सांगते, सगळी पोरं धड आहेत. आता पुढचं वाच.

सुताराने विचारलं, कडी कुठे ठोकू. मी चौकटीवरची तुझी पेन्सिलची खूण दाखवली. शाळा संपली तेव्हा तुझी उंची मोजली होती ना, ती. कडी ऐटीत बसली. पडल्यापासून माझा हात खांद्याच्या वर जात नाही, हे तू विसरलीस आणि मीही. पण स्टूल होतं. मला वाटलं, जिंकलं.

काल तपासणीच्या दोघांना आत घेऊन मी स्टूलवर चढून कडी लावली. आगीचे साहेब म्हणाले, घरात धूर झालाय असं समजा आणि स्टूलशिवाय उघडा. मी टाचा उंचावल्या, पण हात कुठला पोहोचतोय. साहेब कागदावर लिहायला लागले, मी त्यांना समजावू लागले, बाई आम्हा दोघांना. तेवढ्यात दार करकरलं. ठमीने स्टूलवर चढून कडी काढली होती, आणि उलट्या चपला घालून ती रस्त्यात. समोरून टेम्पो. मी ओरडले. बाईंनी धावत जाऊन तिला उचललं.

मग साहेब म्हणाले, मोठ्यांना उघडत नाही आणि पोरांना उघडते, अशी कडी नोकरीत पहिल्यांदाच पाहिली. बाईंना हसू आलं, पण सही नाही केली. हात कडीला पोहोचेल असं दुसरं मोठं माणूस महिनाअखेरीच्या आत दिवसभर घरात हवं. नाहीतर बंद.

मी तुझी पत्रिका पुन्हा काढली. म्हातारी मी आहे. उंच तू आहेस. तुझ्या ऑफिसातल्या साहेबाकडे घरून काम लिहून माग. नाही म्हणाला तर त्याचं कारण मला वाचायचंय.

वाट बघायला लावू नकोस.

तुझी आजी

ता. २७ जून

ती. आजीस सा. न. वि. वि.

आमच्या साहेबांनी अर्ज ठेवून घेतला होता. आज बोलावलं. म्हणाले, नकाराचं कारण लिहायला बसलो, पण आपल्याच पत्रिकेत छापलेल्या कारणांतलं एकही बसेना. सहा महिन्यांपुरतं मंजूर.

परवा सकाळी पोहोचते. तोवर स्टूलवर तूच बसून राहा, ठमीच्या हाती लागू देऊ नकोस.

तुझी उंटू