हिरामावशीचा वाकलेला फोन

मंगळ., ४ नोव्हें.
आज दुकानात दुरुस्तीला तीन स्क्रीन, एक चार्जिंग पोर्ट आणि हिरामावशीचा फोन. खारी गावातली कोळीण, आमच्या बिल्डिंगला मासळी तीच घालते. फोन मेटल बॉडीचा, पातळ, मधोमध वाकलेला. कमरेला खोचते आणि तशीच पाटावर बसते मासळी कापायला, मग वाकणार नाही तर काय. सरळ करून दिला. पण आत पाणी गेलेलं निघालं, मासळीचं. बोर्ड गेला, चालू होत नाही. सुनेला घेऊन आली होती, दोघींना तसं सांगितलं. पैसे घेतले नाहीत. फोन माझ्याकडेच ठेवून गेली, म्हणाली काय करू त्याचं.

बुध., ५
काल लिहिलं ते खोटं आहे. स्वतःच्या वहीत पण थापा मारायला लागलो, कमाल आहे.

पाणीबिणी काही नव्हतं. मी तोडला.

नियम साधा आहे. आधी फोन उघडायचा, बॅटरी काढायची, बोर्ड काढायचा. मग नुसती रिकामी फ्रेम लाकडी गुटक्यावर ठेवून हळूहळू सरळ करायची. लाइनीतल्या दुसऱ्या दुकानदारांना मीच शिकवलंय हे. पण काल समोर चार माणसं उभी होती आणि मला शायनिंग मारायची होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, इथेच स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पोचे काढायचे. नुसत्या अंगठ्याने डबा पहिल्यासारखा करायचे. तो हात माझ्याकडे आलाय असं मी दिसेल त्याला सांगत असतो. शेजारच्या फरसाणवाल्या काकांनी तर मोबाइल काढून शूटिंग चालू केलं. मी म्हटलं, "देखो काका, बिना मशीन के." फोन न उघडता तसाच गुडघ्यावर घेतला आणि दाबला. एकदम फुटपट्टीसारखा सरळ. आतून कट् आवाज आला. फक्त मला ऐकू आला.

काका म्हणाले, "वाह, हाथ है कि जादू!" मावशी केवढी हसली. मग फोन चालू होईना.

शनि., ८
अजून एक राहिलंय. तीन दिवस वही उघडतोय आणि मिटतोय. लिहून टाकतो.

फोनच्या आत छोटासा पांढरा स्टिकर असतो. पाणी लागलं की लाल होतो. म्हणजे कळतं पाणी गेलंय की नाही. मावशीचा फोन उघडला तेव्हा तो पांढराशुभ्र होता. तिची सून रेश्मा काउंटरवर वाकून विचारत होती, "नक्की कशाने गेला, दादा?" मी स्क्रू शोधतोय असं दाखवून खाली वाकलो. पिण्याच्या बाटलीच्या झाकणात बोट बुडवलं आणि स्टिकरला टेकवलं.

वर धरून म्हटलं, "हे बघा. लाल."

रेश्मा सासूकडे वळली. "किती वेळा सांगितलं आई, ओल्या हाताने धरू नका म्हणून!"

मावशी पदराला हात पुसायला लागली. हात कोरडेच होते. आणि मी नालायक वर शहाणपणा शिकवला, "मावशी, यापुढे जरा जपून हां."

गुरु., १३
आज बोंबील. मनीषा म्हणाली, मावशीने दोन जास्त घातले. "तुजा नवरा भला मानूस हाय, पैसं पन घेतलं न्हाय" म्हणे. मनीषा खूष. नवऱ्याचं कौतुक बायकोच्या तोंडून ऐकायची मला केवढी हौस, आणि आज घास उतरेना. पोट बिघडलंय म्हणालो.

मग मनीषाकडूनच कळलं. मावशीला वाचता येत नाही. नाव दिसून तिला काय कळणार? म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नंबरला तिने त्यांच्या दाराचा फोटो लावलेला. तोरणाचं दार, जाळीचं दार, ज्याच्या बाहेर लहान मुलाची सायकल असते ते दार. आदल्या दिवशी ऑर्डरचे व्हॉइस मेसेज यायचे, ती दार बघायची आणि तेवढीच मासळी उचलायची. सगळं त्या फोनमध्ये. बॅकअप नाही. काम करायच्या आधी ते विचारायचं असतं. कधी विचारणार, शूटिंग चालू होतं ना माझं.

आता सगळे मजले चढते आणि एकेक बेल वाजवते. सी विंगचा एक जण ओरडला म्हणे, "सुबह सुबह क्या है?" तिचे गुडघे आधीच दुखतात.

सोम., १७
मावशी दुकानात आली. आपल्या गल्लीतल्या एका बाईला घेऊन. तिचा पण फोन वाकलेला.

"याचेकडं दे. ह्यो खोटं बोलत न्हाय."

माझ्या समोर. भर दुपारी. मी त्या बाईचा फोन घेतला, उघडला, बोर्ड काढला, फ्रेम गुटक्यावर ठेवली. अर्धा पाऊण तास. कुणी बघत नव्हतं तरी एकदम पुस्तकातल्यासारखं काम.

मावशी तेवढा वेळ स्टुलावर बसून होती. आपणहून सांगत होती. मुलगा उत्तनच्या बोटीवर असतो, किनाऱ्याजवळ आले की रेंज येते, मग फोन करतो. आता फोन रेश्माच्या मोबाइलवर येतो. रेश्मा स्पीकर लावून स्वतःच धरते. "मना हातात देत न्हाय. बोलते, आई लांबून बोला. खरं हाय तिचं पन. माजे हात वंगाळच."

मी काय केलं? चहा मागवला. चहा मागवायला माझं काय जातंय.

माणूस इतका हलका असू शकतो हे दुसऱ्याबद्दल ऐकलं असतं तर चार शिव्या घातल्या असत्या.

मंगळ., १८
शटर ओढून पलीकडे हाटकेश भागात गेलो. इम्रानभाईकडे. मायक्रोस्कोपखाली बोर्डचं बारीक काम करतो, आमच्यासारख्यांचे बिघडवलेले फोन शेवटी त्याच्याकडेच जातात. बोर्ड ठेवला.

बराच वेळ बघितलं. "पानी? बोर्ड तो एकदम सूखा है, भाई. ये दबाव से टूटा है." मग स्टिकर बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

"कस्टमर का ऐसा ही आया था," मी म्हणालो.

"हां," तो म्हणाला. "सबका ऐसा ही आता है."

बाजूला एक कारागीर काम करत होता, तो हसला. कान तापले माझे. चाळिशी ओलांडली, वीस वर्षं या धंद्यात, आणि शाळेत कॉपी पकडल्यावर उभे राहतात तसा उभा. इम्रानभाई म्हणाला, तुटलेल्या जागी बारीक तार टाकून बघतो, एकदा जरी चालू झाला तर नंबर, फोटो काढून घेऊ. गॅरंटी नाही. पंधरा दिवस.

स्टेशनपर्यंत चालतच आलो. आधी वाटलं, नंबर मिळाले की नेऊन देऊ, विषय संपला, सांगायची गरजच नाही. उलट अजून नाव होईल. हे खरंच मनात आलं. लिहून ठेवतोय, म्हणजे नंतर नाही म्हणता येणार नाही.

गुरु., २०
मनीषाला सांगितलं. स्टिकरचं पण. ती भाजी निवडत होती. मग म्हणाली, "आणि मी ते बोंबील घेतले तिच्याकडून."

एवढंच बोलली. भांडली असती तर बरं झालं असतं.

शुक्र., २१
सांगितलं. जिन्यात गाठलं मावशीला, दुसऱ्या मजल्यावर टोपली टेकवून दम घेत होती. पाठ केलेलं सगळं विसरलो. भलतीकडूनच सुरुवात झाली. फोन माझ्या हाताने तुटला, पाणी नव्हतं, स्टिकरवर मीच पाणी लावलं, तुमचे हात कोरडे होते.

मला वाटलं मावशी शिवी देईल. मी तयार होतो. नंबर परत मिळतील कदाचित, हाटकेशला दिलाय, असं काय काय बोलत सुटलो. तिने हात वर केला, गप.

"मना कशाला सांगतंस? माजे हात ओले नव्हते ते मना म्हायती होतं. तू बोललास म्हनून मी मानलं."

टोपली उचलायला मी पुढे झालो. नको म्हणाली.

दोन पायऱ्या चढून थांबली. "रविवारी घरी ये. सुनंसमोर बोल."

रवि., २३
गेलो खारीला. मनीषा येते म्हणाली होती, मीच नको म्हटलं. एकट्याचं काम.

रेश्माने खुर्ची दिली, पंखा लावला. "या दादा, आईंनी सांगितलंच नाही तुम्ही येणार म्हणून." तिला काही माहीत नव्हतं. मावशी काही बोललीच नव्हती घरात. चहा आला. रेश्माने स्वतःचा मोबाइल पुढे केला, हा पण जरा बघा, मध्ये मध्ये बंद पडतो. कपाटाच्या वरून काढून दिला. एवढ्या वर का ठेवता, विचारणार होतो. नाही विचारलं.

मावशी भिंतीला टेकून खाली बसली होती. माझ्याकडे बघत नव्हती.

बोललो. सगळं. झाकणातलं पाणी, बोट, सगळं. रेश्मा म्हणाली, "म्हणजे पाणी गेलंच नव्हतं?" नाही म्हटलं. तिने आधी माझ्याकडे रागाने बघितलं, मग नजर सासूकडे वळली आणि तिथेच राहिली. मला कपाटावरून दिलेला मोबाइल तिने परत घेतला आणि पोळपाटाशेजारी, खालीच, मावशीच्या हाताशी ठेवून दिला.

मी उठायला लागलो. मावशी म्हणाली, "बस. मालक आत हाईत, त्यांना ऐकू कमी येतं." मावशीचे यजमान बाहेर आले. परत सांगितलं. मोठ्याने, त्यांच्या कानाशी. स्टिकर म्हणजे काय ते समजेना, म्हणून बोट बुडवून दाखवावं लागलं, त्यांच्याच पाण्याच्या तांब्यात. तेवढ्यात शेजारीण डोकावली, तीच जिला मावशी माझ्याकडे घेऊन आली होती. मावशीने तिलाही आत बोलावलं. तिसऱ्यांदा.

तिसऱ्या वेळेला मला रडू आलं. कुणी गप्प बस म्हणालं नाही.

निघताना मावशी दारापर्यंत आली. माफ केलं का विचारायचं धाडस झालं नाही. इम्रानभाईचा अजून काही निरोप नाही म्हणालो. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"पोरगा गुरवारी येतोय बोटीवरनं," म्हणाली. "गुरवारी पन ये."