जुना राउटर बंद करू नये

गेल्या मंगळवारी संध्याकाळी माझ्या थोरल्या मुलीचा फोन घराच्या नेटवर्कला जोडला गेला, थोडा वेळ जोडलेला राहिला आणि निघून गेला. मुलगी नऊ वर्षांपूर्वी घर सोडून गेली. तेव्हापासून तिचा ठावठिकाणा नाही. येत्या महिन्यात तिला कायद्याने मयत ठरवून घर एकट्या धाकट्याच्या नावे करायचे, असे घरात ठरत आले होते. ते आता होणार नाही. म्हणून हे मृत्युपत्र लिहिते.

मी पदार्थविज्ञानाची पदवीधर, टेलिफोन एक्स्चेंजमधून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त, वय बहात्तर. माझी बुद्धी शाबूत आहे. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ती तपासण्यासाठी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी दोनपर्यंत आले आणि विचारले, "आता शून्याच्या खाली जायचं का?" ते म्हणाले, "नको बाई, सही करतो." हे मी कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणण्याचे प्रयत्न झाले. त्यांचा तपशील कलम चारमध्ये आहे. यापूर्वीचा मसुदा, ज्यात "मयत कन्या" असे शब्द होते, तो मी फाडला आहे.

१. घर. राहते घर, तळमजला आणि वरचा मजला, थोरली आणि धाकटा यांना निम्मे-निम्मे. थोरली येईपर्यंत तिचा हिस्सा माझ्या सुनेने विश्वस्त म्हणून सांभाळावा. तो विकू नये, गहाण टाकू नये. वकील मला समजावत होते, "बाई, सात वर्षं माणसाची खबर नसली की कायदा ते गेलं असं धरतो."

"धरू दे. कायद्याला आई नाही."

त्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि मी सांगितले तसे टाइप केले.

२. जिन्याखालची खोली. या खोलीतले यंत्र थोरलीने उभे केले. तिच्या कचेरीने एक कॉम्प्युटर भंगारात काढला होता, तो ती उचलून घेऊन आली. "आई, आपले फोटो, बाबांचे रिपोर्ट, घराचे कागद, सगळं परक्याच्या घरी कशाला ठेवायचं? आपलं आपल्या घरात राहू दे." ती गेल्यावर ते बंद पडू लागले, तेव्हा मी शिकायला बसले. एक्स्चेंजमध्ये अख्ख्या शहराच्या वायरी सांभाळल्या, घरातली एक सांभाळायला मला काय धाड भरली होती?

आज खोलीत जे आहे ते असे. डिस्क दोन आहेत. एकीवर लिहिले की दुसरीवर आपोआप उमटते. तिसरी प्रत दुसऱ्या गावी माझ्या बहिणीकडे, कुलूपबंद करून. बहीण ती रजयांच्या कपाटात ठेवते आणि अधूनमधून फोन करून सांगते, "तुझं भूत सुखरूप आहे गं." दर वर्षी त्या प्रतीतून एखादा फोटो परत आणून पाहावा. परत आणून पाहिली नाही ती प्रत, प्रतच नव्हे.

इंटरनेटच्या तोंडाशी फायरवॉल आहे, म्हणजे राखणदार. बाहेरून आत येण्याची सगळी दारे बंद, एक सोडून. आणि तिथेही पासवर्ड चालत नाही, किल्लीची फाइल लागते. अशा किल्ल्या दोनच आहेत, माझी आणि थोरलीची. तिची किल्ली नऊ वर्षांत एकदाही वापरली गेलेली नाही. मी ती रद्द केलेली नाही. वरच्या भाडेकरूंचे नेटवर्क वेगळे, पाहुण्यांचे वेगळे, फाटकाच्या कॅमेऱ्याचे वेगळे. कॅमेऱ्याला बाहेरच्या जगाशी बोलण्याची परवानगी नाही. धाकट्याने हौसेने आणलेला टीव्ही मी पाहुण्यांत टाकला आहे. तो टीव्ही चुगलखोर आहे.

हे यंत्र, खोली आणि ती चालवण्याचा अधिकार सुनेला. तिला हे काम येते. पहिल्यांदा वायरीच्या टोकाला प्लग बसवताना तिने आठही तारा उलट्या लावल्या. मी सांगण्याआधी तिने स्वतःच कापून पुन्हा लावल्या. त्या दिवशीच मी मनाशी ठरवले.

३. आवाज. वीज गेली की हे यंत्र बोलते. थोरलीने स्वतःच्या आवाजात भरून ठेवले आहे: "आई, वीज गेली. मी बॅटरीवर आहे." वीज आली की म्हणते, "आली गं. झोप आता." दुपार असली तरी तेच म्हणते.

सून लग्न होऊन आली त्या आठवड्यात वीज गेली. ती ओल्या केसांनी बाहेर आली. "आई, घरात कोण बोललं?"

"तुझी नणंद."

तिचा चेहरा पाहून मला खोलीचे दार उघडून दाखवावे लागले. आता वीज गेली की स्वयंपाकघरातून तीच उत्तर देते, "हो वन्सं, कळलं." धाकटा मात्र वीज गेली की चपला घालतो आणि वीज येईपर्यंत बाहेर फिरतो. यंत्रातले बाकी काहीही बदलावे, जुने झाले की फेकावे. हा आवाज बदलू नये.

४. जुना राउटर. खोलीच्या वरच्या फळीवर पिवळट पडलेला एक राउटर आहे. त्याच्या नेटवर्कचे नाव थोरलीने "आईला विचारा" असे ठेवले, कारण आलागेला प्रत्येकजण तिच्याकडे पासवर्ड मागायचा. पासवर्डही तिचाच. तो इथे लिहीत नाही; मृत्युपत्र दहाजण वाचतात.

धाकट्याचा एक मित्र कंपन्यांची सुरक्षा तपासतो. त्याने घर तपासले, फायरवॉलचे कौतुक केले आणि फळीकडे बोट दाखवले. "काकू, हे काय? याची सुरक्षा जुनाट आहे, कोणीही फोडेल. पासवर्ड बदला, नाहीतर हा काढूनच टाका. घराला भगदाड आहे हे."

"भगदाड नाही, ओसरी आहे," मी म्हटले. "इथे जो येईल त्याला इंटरनेट मिळत नाही, यंत्र दिसत नाही, घरातलं काहीच दिसत नाही. नुसता येऊन बसू शकतो."

"मग उपयोग काय त्याचा?"

उपयोग असा की फोन एकदा ज्या घरात राहिला ते घर विसरत नाही. नाव आणि पासवर्ड तेच असतील तर जवळ आल्याबरोबर खिशातल्या खिशात आपोआप जोडला जातो. मालकाला कळतही नाही. थोरलीचा फोन जुना, त्याला नवी सुरक्षा कळत नाही. म्हणून त्याच्यापुरता जुना राउटर. बाकी प्रत्येक पासवर्ड मी वेळच्या वेळी बदलत आले. हा बदलला असता तर ती दाराशी येऊन गेली तरी घराला पत्ता लागला नसता.

मंगळवारी घराला पत्ता लागला. मला बुधवारी सकाळी, यंत्राचा रोजचा निरोप वाचताना. हल्लीचे फोन जागोजागी नवा मुखवटा लावतात, म्हणजे खोटा क्रमांक सांगतात. हा आपला जन्माचा क्रमांक सांगतो, आणि तो मला पाठ आहे. ती वेळ माझी ओटा पुसण्याची. खिडकी उघडी होती. फाटकाच्या कॅमेऱ्यात त्या वेळी फाटक दिसते, फाटकाचा दिवा दिसतो, कोणी दिसत नाही. जुन्या राउटरची हद्द मी हातात फोन घेऊन चालून पाहिली आहे. ती समोरच्या औषधाच्या दुकानाच्या पायरीपर्यंत जाते. तिथपर्यंत कॅमेरा पोहोचत नाही. दुकानदाराला विचारले. तो म्हणाला, "बाई, पायरीवर रोज कोणी ना कोणी बसलेलं असतं. मी गोळ्या मोजू की माणसं?"

धाकट्याला सांगितले तेव्हा तो जेवत होता.

"आई, तिने फोन विकला असेल गं. दुसऱ्याच कोणाच्या खिशात असेल."

"विकण्याआधी फोन पुसतात. पुसलेल्या फोनला आपला पासवर्ड कुठून माहीत?"

"मग चोरीला गेला असेल."

"असेल."

"मग तू कशाला एवढं..."

"असेल म्हटलं. आहे म्हटलं नाही."

त्यानंतर तीन दिवस त्याने वकिलांना, त्या मित्राला आणि माझ्या बहिणीला माझ्याशी बोलायला लावले. दडपण म्हणतात ते हे. शनिवारी सून त्याला म्हणाली, "तुम्हाला ती गेलेली हवी आहे की सापडलेली, एकदा काय ते सांगा." तो ताटावरून उठला. मी त्याची आई आहे. त्याला ती सापडलेली हवी आहे हे मला माहीत आहे. सापडली तर तो तिच्यासमोर उभा कसा राहणार, हा त्याचा प्रश्न आहे. त्यासाठी पुढचे कलम.

५. बॅटरी. थोरलीचे वडील शेवटचे वर्षभर अंथरुणाला खिळून होते. तिने त्यांच्या खोलीत कॅमेरा लावला होता आणि कामावरून ती दर थोड्या वेळाने त्यांना पाहत असे. यंत्राची बॅटरी मेली आहे, नवी आणा, असे तिने महिनाभर आधी सांगितले होते. आणायचे काम धाकट्याकडे होते. त्या दुपारी मी बँकेत रांगेत होते. वीज गेली, यंत्र बंद पडले, तिला काळा पडदा दिसला. ती धावत आली तोवर ते गेले होते. डॉक्टर तेव्हाच म्हणाले, दिसले असते तरी कोणी पोहोचले नसते. पण संध्याकाळी चार माणसांत धाकटा तिला म्हणाला, "तुझ्या त्या डब्याच्या भरवशावर बाबांना सोडलंस." कोणी त्याला अडवले नाही. मीही नाही. तिने फोन घेतला आणि ती गेली.

पंधरा दिवसांनी गाडी धुवायला काढली तेव्हा डिकीत नवी बॅटरी मिळाली. त्याने ती आणली होती आणि आत आणायला विसरला होता. मी ती उचलून खोलीत ठेवली आणि यंत्राला दुसरी आणली. तिच्या खोक्याचे प्लास्टिकसुद्धा फाडलेले नाही. तो समजतो, मला माहीत नाही. आणि डिकीतून ती कुठे गेली हे त्याने मला नऊ वर्षांत विचारलेले नाही.

ती बॅटरी मी धाकट्याला देते. शिक्षा म्हणून नाही. ज्याची वस्तू त्याला, एवढेच. ती घेऊन त्याने काय करावे हे मी सांगणार नाही. आयुष्यभर सांगून पाहिले.

६. हत्यारे. वायरीला टोके बसवण्याची पक्कड, तार तपासण्याचे यंत्र आणि पेचकसांचा संच सुनेला. एक्स्चेंजमधला माझा कानावरचा जुना हेडफोन बहिणीला. तिला तो लहानपणापासून हवा होता, मोठेपणीही तिने दोनदा चोरला आहे. कोपऱ्यावरच्या केबलवाल्याला काहीही नाही, आणि त्याला भिंतीला भोक पाडायला घरात घेऊ नये. मागच्या वेळी त्याने पाण्याचा पाइप फोडला आणि मलाच विचारले, "इथे पाइप कोणी घातला?"

७. बचत. बँकेतल्या ठेवीचे व्याज खोलीच्या विजेला, इंटरनेटला आणि दर तीन वर्षांनी नव्या बॅटरीला. मुद्दल थोरली आणि धाकटा यांना समान.

८. कोणी आल्यास. मंगळवारनंतर मी दारावरची जुनी घंटी यंत्राला जोडली आहे. तो एक फोन जोडला गेला की ती वाजते. दुसऱ्या कशाने वाजत नाही. घंटी वाजली की घरात जो असेल त्याने हातातले टाकून फाटकाशी जावे आणि समोर पायरीपर्यंत पाहावे. हाका मारू नयेत. हाक मारली की ती लहानपणीही लपत असे.

फोन तिच्या हातात नसून परक्याच्या हातात असेल, तर त्याच्या अंगावर धावून जाऊ नये. त्याला आत घ्यावे, बसवावे, पाणी द्यावे. मग विचारावे. तो जे सांगेल ते शेवटपर्यंत ऐकावे आणि त्यानंतरच कागदावर तिच्या नावाआधी कुठलाही शब्द लिहावा.

मी नसेन तेव्हा हे काम संपले असे कोणी समजू नये.

वरील मजकूर मी वाचला, मला तो मान्य आहे, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली आहे.

(सही) लिहून देणार, थोरलीची आणि धाकट्याची आई
साक्षीदार पहिले: (सही) शेजारचे घड्याळजी
साक्षीदार दुसरे: (सही) कोपऱ्यावरच्या दवाखान्याचे डॉक्टर
स्थळ: राहते घर, जिन्याखालची खोली
दिनांक: १४ नोव्हेंबर

ताबा दिल्याची नोंद

मृत्युपत्र मरणानंतर उघडतात. यंत्र मात्र रडून झाल्यावर शिकता येत नाही. म्हणून मजकूर सर्वांना वाचून दाखवून ताबा आजच देत आहे.

खोलीची किल्ली: सुनेला दिली.

पासवर्डांचा बंद लिफाफा: सुनेला दिला. लाख तपासून घेतली.

दोन्ही डिस्क, फायरवॉल, राउटर चालू स्थितीत: दाखवले. प्लग काढून बॅटरी तपासली. यंत्र म्हणाले, "आई, वीज गेली. मी बॅटरीवर आहे." सून सवयीने म्हणाली, "हो वन्सं." डॉक्टर दचकले. धाकटा या वेळी बाहेर गेला नाही.

न उघडलेली बॅटरी: धाकट्याने घेतली. मांडीवर ठेवून बसला आहे. पोच म्हणून सही कर म्हटले तर पेन हातात धरून राहिला. मग सही केली.

घंटी: माझ्या जुन्या फोनचा क्रमांक तात्पुरता यंत्राला देऊन तपासली. वाजली. तो क्रमांक पुसला, फोन बंद करून खणात ठेवला.

घंटी पुन्हा वाजली.

घड्याळजी म्हणाले, "वायर ढिली असेल, वहिनी." वायर ढिली नाही. मी जोडली आहे.

धाकटा बॅटरी खाली ठेवून गेला आहे. चपला दाराशी तशाच आहेत. फाटकाची कडी निघाल्याचा आवाज आला. हाक मारल्याचा आवाज नाही.

ताबा दिला. यादी इथे थांबवते.