चिरलेली भिंत आन् लोखंडी खोली

आबा, माझ्या सासूदेखत तुमी म्हणला, "हिनं पाणी मारलं न्हाय, म्हणून भिंत चिरली." तुमी सायकल धरून उभं, सासू उंबऱ्यात, आन् मी मान खाली घालून. मग सासू मरंस्तवर मला तेच ऐकवत बसली, "गवंड्याची लेक, आन् भिंतीला पाणी मारता यीना." निमगावास्नं रोज सणसरला येऊन तुमी ह्या दोन खोल्या मला लग्नानंतर बांधून दिल्या, ते मी इसरले न्हाय. पण मी दोन वक्ताला पाणी मारत व्हते. एकच दिस चुकला, तापानं अंग फणफणलं व्हतं. तुमी इचारलंबी न्हाय.

आता माझ्या पोरानं शेजारी लोखंडी सांगाड्याची खोली उभी केलीय. पत्र्याचे बारीक खांब, स्क्रूनं जोडलेले, दोन्ही अंगानं सिमेंटचे बोर्ड. वीट न्हाय, वाळू न्हाय, पंधरवड्यात खोली तयार. मी सवयीनं सकाळी पाइप घेऊन तिला पाणी मारत बसले. खोली जोडणारा बारामतीचा फिटर हसला, "मावशी, न्हाऊ घालताय व्हय?"

"मग पक्की कशी व्हायची?"

"स्क्रू आवळले तवाच झाली."

मग त्यानं तुमच्या भिंतीच्या चिरंत बोट घातलं. म्हणला, "ही पाण्याची चीर न्हाय. काळं रान पावसात फुगतं, उन्हात आकसतं. पाया उथळ आसणार, वर विटांचं वझं. आमी काळी माती काढून मुरूम भरतो, वर हलकं घर ठेवतो." मला पटलं न्हाय. कऱ्हाटीला त्यानं काळ्या रानातच बांधलेली तीन वर्साची खोली हाय, ती जाऊन हात फिरवून बघितली. केसाएवढी चीर न्हाय. पण वाजवली तर डब्यागत वाजती. हिला घर म्हणायचं का, तेबी मला कळंना.

पाया उथळ हाय हे ठावं आसून तुमी माझं नाव घेतलं, का तुमालाबी कळलं न्हवतं? पैलं आसंल तर मला राग यील. दुसरं आसंल तर पंचक्रोशीत तुमच्या हाताखाली झालेल्या घरांचं काय? तुमी आता ह्या जगात न्हाय, हे पत्र धाडायचं कुठं ते ठावं न्हाय, तरी लिवतेय. खरं सांगू, चूक माझीच निघाली तर बरं, आसंबी वाटतंय. सोमवारी जुन्या खोल्या पाडायच्यात, पाया उघडा पडंल, सगळ्यांना दिसंल. मला आधी तुमच्या तोंडनं ऐकायचंय. रविवारी दिस मावळायच्या आत सांगा.