वरच्या खोलीचा पोछा

सोम., ३ नोव्हें.
आज पुन्हा जेवणाच्या टेबलावर भुसा. काल मीच बंगल्यातल्या गोऱ्या साहेबाच्या बशा मांडून घरी आले, सकाळी पाहते तर बशांत पिवळी पूड. वर मान केली तर छताच्या फळीला ओला डाग. बोरकर सरांना दाखवलं. आमच्या संग्रहालयाचे अध्यक्ष तेच, कुलूप उघडणारे शिपाईही तेच. म्हणाले, चिमण्या असतील. चिमण्या कधीपासून लाकूड खायला लागल्या बापा?

मंगळ., ४
वर गेले. मेमसाहेबाच्या खोलीत पलंगापाशी पाय खाली दबला. केसातली पिन फळीत खुपसून पाहिली. चहात बुडवलेल्या बिस्किटात जावी तशी आत गेली. तेवढ्यात इंदूमावशी बादली घेऊन वर आल्या, "सरक वं" म्हणाल्या आणि माझ्या पायाशीच पाणी ओतलं.
तेव्हा डोक्यात उजेड पडला.

बुध., ५
झोप नाही. हे म्हणाले, घर सरकारचं, तू काहून मरून राहिली?
मावशी रोज सकाळी वरचं लाकूड फिनाईलच्या पाण्याने पुसतात. बंगला आम्ही लोकांसाठी उघडला तेव्हापासून. आम्हीही मिरवायचो, बघा राणीच्या काळातलं घर उमरेडमध्ये कसं चकाचक ठेवलंय! आपल्याकडे स्वच्छ म्हणजे ओलं. लाकूड आहे हे एकाच्याही ध्यानात येऊ नये?
मावशी इथे पगारी नाहीत, आमच्यासारख्याच हौसेने येतात. त्यांच्या घरी कामवाली. सून त्यांना पोछ्याला हात लावू देत नाही. मागे एकदा म्हणाल्या होत्या, इथं आलो का मी कामाची असतो. आता त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?
सरांना मात्र सांगितलं. मटकन खुर्चीत बसले. सोमवारी नागपूरहून सरकारी पाहणी येणार आहे. घर आमच्याकडे ठेवायचं की कुलूप ठोकायचं, ते त्यावर ठरणार. सर म्हणे तोवर कोणाजवळ ब्र काढायचा नाही. जिन्याला दोरी बांधायची, पाटी लावायची, 'वर पॉलिश सुरू आहे'. मी मान डोलावली.

गुरु., ६
दोरी बांधली. मावशी बादलीसकट दोरीखालून वाकून वर. मी म्हटलं, मावशी, दोरी!
"ते येणाऱ्याजाणाऱ्यासाठी आहे. मी का पाहुणी आहो?"
मी पाटी सरळ केली.

शुक्र., ७
बादली लपवली. मावशींनी चोराला मनसोक्त शिव्या दिल्या आणि घरून दुसरी आणली, वर नाव रंगवून.
एसटी स्टँडवर नोकरीभर माईकवर गाड्या पुकारल्या मी. अख्खं उमरेड माझा आवाज ओळखतं. आणि ह्या म्हातारीपुढे एक वाक्य निघत नाही. दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा चहाचं विचारून परत आले.

शनि., ८
शाळेची पोरं आली. सर टेबलाभोवती उभी करून साहेबाचे काटे-चमचे दाखवत होते. वर मावशींची पावलं. छतातून भुसा पडला, एका पोरीच्या केसांत. तिने हसून झटकला. चला चला, बागेत चला म्हणत सगळ्यांना बाहेर हाकललं. सर बघतच राहिले.
पोरं गेल्यावर मावशींना व्हरांड्यात बसवलं आणि एका दमात सांगितलं. वरचं लाकूड सडलं, मावशी. पाण्यानं. आपल्या पोछ्याच्या.
त्या पदराला हात पुसत राहिल्या. कोरडे झाले तरी पुसत होत्या.
"तुले कवा समजलं?"
"मंगळवारी."
"मंग तू मले अजून पाणी टाकू देल्लं?"
चहा न घेता गेल्या. सडलं त्याचं दुःख त्यांना झालंच असेल, पण बोलून दाखवलं ते मी सांगितलं नाही ह्याचं. खरं होतं. मी उभी राहून पाहत होते ना रोज.

रवि., ९
मावशी आल्या नाहीत. घरी गेले. सून म्हणाली, झोपल्यात. आतून खोकल्याचा आवाज आला.
सरांचा फोन. उद्या पॉलिशच सांगायचं, लक्षात आहे ना? हं म्हटलं.

सोम., १०
पाहणीला एक साहेब, एक बाई. सरांनी पॉलिशचं सुरू केलं. बाई म्हणाल्या, हरकत नाही, चप्पल काढून वर जाऊ. आणि दोरी उचलली.
मी स्टँडवरच्या आवाजात म्हटलं, जाऊ नका. फळ्या सडल्यात. आम्ही सगळ्यांनी मिळून पाण्याने पुसून सडवल्यात.
फोटो काढले, खालून छत ठोकून पाहिलं, जिन्याच्या दाराला कुलूप घातलं, किल्ली घेऊन गेले. निर्णय नागपूरहून कळवतील. सर माझ्याकडे न बघता स्कूटर काढून गेले. मला रडू आलं. चुकले का मी?
तोंड धुऊन आले तर व्हरांड्यात इंदूमावशी. हातात कोरडी बादली. त्यांनी किती ऐकलं, मी विचारलं नाही.
"खाली त दगडाची फरशी आहे. तिले पाणी चालते ना वं?"
आजवर कोणाला विचारून त्यांनी बादली भरली नव्हती. मला हो म्हणायचं होतं. पण भिंतीच्या बुडाशी चुन्याचे पापुद्रे ओलीने सुटलेले समोर दिसत होते.
म्हटलं, मावशी, विचारून सांगते.
त्यांनी बादली उपडी घातली आणि तिच्यावर बसल्या.
"बसतो मंग," म्हणाल्या.